वेलीवरची नक्षी टिकवायची कशी?

मैत्रिणींनो, मनीप्लँट नाही असं घर हल्ली शोधूनच काढावं लागेल. कुणाकडे टीव्हीशेजारी बाटलीत, तर कुणाकडे जिन्यात कुंडीत. ‘ही वेल चोरून आणली तरच लाभते’ असंही आपण म्हणतो! माझी मात्र चोरीची नव्हे. शेजारच्या वहिनींनी हौसेनं चार पेरांची फांदी दिली होती. हिरव्या पानांवर पांढरट-पिवळे शिंतोडे, जणू रांगोळीची चिमूटच उडालेली.

वर्षभरात वेल वाढली, पण नक्षी गेली! मी खत घातलं, पाणी वाढवलं. पानं आणखीच हिरवी. शेवटी वहिनी म्हणाल्या, “अहो, उपाशी नाही ती, अंधारात आहे!”

खरंच होतं ते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो अन्न तयार करू शकत नाही. उजेड कमी पडला, की वेल शहाण्या गृहिणीसारखी आधी हौसेचा खर्च कमी करते.

तेव्हा कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या उन्हानं पानं करपतात. जुन्या पानांवर नक्षी परतत नाही, नव्या पानांची वाट पाहावी लागते. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी घाला. आणि एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटली, तर नक्षीच्या पानापर्यंत मागे छाटा. तीच सर्वांत जोमदार असते, त्यामुळे हात धजत नाही. पण ठेवली तर बाकीच्यांना मागे टाकते. छाटलेले तुकडे पेर बुडेल असे पाण्यात ठेवले, की मुळं फुटतात. मात्र ते पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय व्हायची.

आता माझी चूक सांगते. शाळेतून आल्यावर घाईनं छाटणी केली आणि तुकडे जमिनीवरच टाकून चहा ठेवायला गेले. तेवढ्यात धाकट्यानं पान चावलं! तोंडाची आग होऊन नुसता किंचाळत होता. मनीप्लँट आपल्या अळूच्याच कुळातली. अळूनं घसा खवखवतो, तसेच सुईसारखे बारीक स्फटिक हिच्या पानांतही असतात. अळू आपण चिंच घालून शिजवतो, ही मात्र खायची नव्हेच. तोंड पुसून-धुऊन मी त्याला गार दूध पाजलं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. थोडक्यात निभावलं. ओठ-जीभ सुजली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर क्षणभरही थांबू नका.

आता माझी कुंडी उंच फळीवर आहे, आणि नव्या पानांवर पुन्हा रांगोळी उमटली आहे. परवाच नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीला चार पेरं दिली, तिनं मागताच. चोरायची वेळ कशाला आणायची? देताना पहिली सूचना मात्र उजेडाची केली नाही; तिच्या रांगत्या लेकीकडे बोट दाखवलं.