कृष्णा-वेण्णा वलय : एका सायकलमार्गाची आखणी

पुण्याकडील सायकलस्वाराने उंचावरील अरण्य व जलाशय पाहत मूळ ठिकाणी परत यावे असा मार्ग आखणे, हे वरवर पाहता केवळ अंतरे मोजण्याचे काम वाटते. वस्तुतः ते प्रथम भूरचना वाचण्याचे काम होय. आणि ही भूरचना त्या प्रदेशाच्या बोलीने बऱ्याच अंशी आधीच वाचून ठेवलेली असते. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा, सातारा व पुन्हा वाई हे सुमारे १२० किलोमीटरांचे वलय या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

या वलयाचा सांगाडा दोन नद्यांनी घडविला आहे. कृष्णा व वेण्णा या दोघीही महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात. पहिली धोम व वाईवरून, दुसरी मेढ्यावरून वाहत जाते आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे त्या एकमेकींस मिळतात. प्रस्तुत मार्ग एकीच्या खोऱ्यातून माथ्यावर चढतो व दुसरीच्या खोऱ्यातून उतरतो. त्यामुळे मोठा चढ एकच, मोठा उतारही एकच, अशी त्याची सुटसुटीत विभागणी होते. जलाशयांचा क्रमही नद्यांनीच ठरविलेला आहे : पसरणीच्या घाटातून दिसणारा धोमचा जलाशय, माथ्यावरील वेण्णा तलाव व मेढ्याच्या पुढील कण्हेरचा जलाशय.

आता 'घाट' या शब्दाचा विचार करू गेल्यास असे दिसते की, त्याचे मूळ संस्कृत 'घट्ट' या शब्दात असून नदीकाठची उतरण्याची बांधीव जागा हा त्याचा एक अर्थ आहे. डोंगर उतरण्या-चढण्याची वाट हा दुसरा. वाई येथे हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात : कृष्णेकाठी गणपतीचा घाट, आणि गावापलीकडे पसरणीचा घाट. पाश्चात्त्यांनी हा शब्द उचलून संपूर्ण पर्वतरांगेलाच लावला. मराठी माणसाला मात्र रांग म्हणजे सह्याद्री आणि घाट म्हणजे त्यातील वाट, हा भेद आजही स्पष्ट आहे.

हा भेद सायकलस्वाराच्या प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. 'खिंड' म्हणजे दोन डोंगरांमधील खाच. ती गाठली की लगेच पलीकडचा उतार लागतो. 'घाट' चढून मात्र पुष्कळदा 'माथ्यावर' किंवा 'पठारावर' येणे होते, आणि तेथे उतार मिळेलच असे नाही. पसरणीचा घाट हा या दुसऱ्या प्रकारचा. पाचगणीस 'घाट संपला' असे कोणी सांगितले, तर ते खरेच असते. पण त्याचा अर्थ 'चढ संपला' असा नव्हे. पाचगणी ते महाबळेश्वर हे सुमारे १९ किलोमीटरांचे अंतर चढउतारांचेच आहे. मोटारीत बसलेल्यास हा फरक जाणवत नाही. पायांच्या बळावर जाणाऱ्याने तो न ओळखल्यास त्याचे दिवसाचे गणित येथेच चुकते.

ते गणित असे मांडता येईल. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंच आहे. म्हणजे १२ किलोमीटरांत ५८० मीटरांची चढण. सरासरी चढ शंभराला पाचच्या आत राहतो. ताशी आठ किलोमीटर या गतीने त्यास दीड तास लागेल. पुणेकरांस याची पूर्वपरीक्षा सिंहगडाच्या रस्त्यावर घेता येते. तेथे चढायची उंची साधारण तितकीच, परंतु अंतर कमी व चढ अधिक तीव्र आहे. सिंहगड न थांबता चढणाऱ्यास पसरणीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

दिशेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. वाईहून पहाटे निघाल्यास मोठा चढ थंड हवेत आणि पर्यटकांच्या मोटारींची गर्दी होण्यापूर्वी पार पडतो. उलट दिशेने गेल्यास केळघरचा घाट सुमारे साठ किलोमीटर चालवून झाल्यावर, भर दुपारी चढावा लागेल. आणि पसरणीचा उतार सायंकाळी, परतणाऱ्या वाहनांच्या गर्दीत उतरावा लागेल. म्हणून पसरणीने चढणे व केळघरने उतरणे हाच क्रम इष्ट होय.

ऋतूची निवड पावसावर अवलंबून आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. रस्त्याने जेमतेम तीस किलोमीटरांवरील वाईस त्याच्या पंचमांशाहूनही कमी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि परिसरातील घाटरस्ते खचले. तेव्हा वाईचे कोरडे आकाश पाहून माथ्याचा अंदाज बांधू नये. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. त्या काळातही जांभूळ, अंजनी व हिरडा यांच्या सदाहरित रानात सकाळी रस्ता दवाने ओला असू शकतो. उंची सहाशे मीटरांनी वाढली की तापमान सुमारे चार अंशांनी उतरते. घामाने भिजलेल्या अंगाने उतार सुरू करणाऱ्यास हा फरक चांगलाच बाधतो. वाऱ्यापासून रक्षण करणारे एखादे वस्त्र यासाठी जवळ असावे.

केळघरच्या उतारावर गतीपेक्षा ब्रेकचा विचार प्रधान होय. ब्रेक सतत दाबून धरल्यास चाकाची कड तापते. तो वळणाआधी दाबावा, वळणात सोडावा. वळणापलीकडे गुरे, दगड वा एस.टी. असेल असे गृहीत धरूनच उतरावे.

वलयाचा शेवटचा भाग सर्वांत कमी रम्य व सर्वांत अधिक धोक्याचा आहे. सातारा ते पाचवड हा टप्पा राष्ट्रीय महामार्गाचा असून तेथून वाईकडे वळावे लागते. दमलेल्या स्वाराने हा टप्पा अंधारात चालविणे कोणत्याही प्रकारे समर्थनीय नाही. म्हणून निघण्यापूर्वीच एक मर्यादा निश्चित करावी : दुपारी दोनपर्यंत मेढा न गाठल्यास त्या दिवशी साताऱ्यास मुक्काम करावा. महाबळेश्वरीच दोन वाजले, तर उतार दुसऱ्या सकाळसाठी राखावा. दोन दिवसांत पुरे केलेले वलयही वलयच असते, आणि महाबळेश्वरच्या मुक्कामात वेण्णा तलावाचा काठ निवांतपणे पाहावयास मिळतो, हा लाभ वेगळाच.

एवंच, या मार्गाच्या आखणीत नकाशा अंतर सांगतो. परंतु त्या अंतराचे स्वरूप घाट, खिंड, माथा व खोरे हे शब्द सांगतात. वाटेवर चौकशी करताना 'किती किलोमीटर?' या प्रश्नाला 'पुढे घाट आहे की खिंड?' या प्रश्नाची जोड दिली, तर मिळणारे उत्तर अधिक विश्वासार्ह ठरेल.