तोएईची बस आणि पाण्याखालचं गाव

निशी-कसाई स्टेशनबाहेर तुम्ही तोएईची हिरवी बस रोज बघता. ही बस चालवणारं तोक्योचं परिवहन खातं वीजही तयार करतं, हे ठाऊक आहे? १९११ साली हे खातं सुरू झालं तेच मुळी 'वीज खातं' म्हणून. ट्राम आणि वीज दोन्ही त्याच्याकडे.

आज त्याची तीन जलविद्युत केंद्रं तामा नदीवर आहेत. त्यातलं पहिलं १९५७ साली सुरू झालं, ओकुतामाच्या डोंगरात, ओगोची धरणाच्या पायथ्याशी. क्षमता १९ मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेच्या जेमतेम शंभरावा भाग. शहराला प्यायला पाणी सोडायचंच असतं. ते १४९ मीटर उंच धरणातून खाली येताना टर्बाइन फिरवून जातं. कोयनेचं तसं नाही. तिथे वीज हाच मुख्य हेतू, म्हणून पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवलं. ते पुढे चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळतं.

दोन्हीकडे किंमत मात्र गावांनी मोजली. ओगोची आणि शेजारच्या गावांतली ९४५ घरं उठली. त्याआधी कित्येक वर्षं पाण्याच्या हक्कावरून खालच्या भागाशी वाद चालला. धरण होणार की नाही, शेत पेरावं की सोडावं, काहीच कळेना. काम १९३८ मध्ये सुरू झालं, युद्धात थांबलं आणि १९५७ मध्ये पुरं झालं. कामावर ८७ जण दगावले. काही कुटुंबं तर दूर यामानाशीतल्या कियोसातोच्या माळावर नव्याने शेती करायला गेली. कोयनेची माणसंही अशीच रायगड-ठाण्यापर्यंत पांगली, आणि अनेकांना जमिनीसाठी पुढची कित्येक वर्षं वाट बघावी लागली.

बुडालेल्या वस्त्यांची दैवतं एकत्र करून तळ्याकाठी ओगोची देऊळ बांधलंय. तिथला काशिमा नाचही टिकून आहे. गाव गेलं तरी देव आणि नाच सोबत नेले, ही गोष्ट परदेशी राहणाऱ्या आपल्याला वेगळी समजवायला नको.

सुट्टीत मुलांना घेऊन जाच. तोझाई लाइनने नाकानो, चुओ लाइनने ताचिकावा, ओमे लाइनने ओकुतामा आणि पुढे बस. धरणाच्या भिंतीवर उभं राहून दोन्ही बाजू दाखवा: एकीकडे वीजघर, दुसरीकडे गाव. आणि घरी कोणी पाटण-जावळीकडचं असेल, तर आजीआजोबांना फोन लावून शिवसागराखाली काय होतं तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!