सिंहस्थाला मेळा अधिकारी, मुलांना कोण?

इंदूरहून रस्त्याने उज्जैनला येणाऱ्याला महाकालाच्या कळसाआधी नानाखेडा दिसतं. बसस्थानक, स्टेडियम आणि आखीव प्लॉटांवर वाढलेल्या वसाहती. गोपाळ मंदिराभोवतीचं शिंदेशाही उज्जैन वेगळं, हे वेगळं. इथे कुणी बदलीवर येतं, कुणी बांधकामावर, कुणी दुकान टाकायला. प्रत्येक बिऱ्हाडासोबत मुलं येतात, आणि मुलांसाठी सरकारही येतं. मात्र ते एका दाराने येत नाही.

समजा, इथे चार वर्षांची एक मुलगी आहे. तिची आंगनवाडी महिला व बालविकास विभागाची, लस आरोग्य विभागाची. सहाव्या वर्षी ती शिक्षण विभागाकडे जाते. तिच्या गल्लीतला नळ, गटार आणि बाग नगर निगमची. पुढे खेळायला लागली तर खेळ व युवक कल्याण विभाग. बसस्थानकाच्या गर्दीत हरवलीच तर पोलीस, आणि त्यांच्यानंतर बाल कल्याण समिती. मध्य प्रदेशात या मुलीला नऊ आकडी समग्र आयडीही आहे. तरी प्रत्येक खात्याचं रजिस्टर वेगळं, वयाची मर्यादा वेगळी, गाठायचं लक्ष्य वेगळं.

हानी होते ती या रजिस्टरांच्या मधल्या जागेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं फिरतं पथक आंगनवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. आंगनवाडीत असताना पथकाला आढळलं की मुलीला कमी ऐकू येतं. पुढच्या जूनमध्ये ती पहिलीच्या वर्गात शेवटच्या रांगेत बसली, तर हे शिक्षिकेला कोण सांगणार? डॉक्टरांनी नोंद केली, सेविकेनेही केली, पण कागद शाळेपर्यंत पोचवणं हे नेमकं कुणाचं काम, याचं उत्तर कुठल्याच खात्याकडे नाही. जिथे पोचतो तिथे एखाद्या चांगल्या बाईंमुळे पोचतो. चांगल्या माणसांवर किती दिवस विसंबायचं?

उज्जैनला एकत्र नियोजन जमत नाही, असं कुणी म्हणू नये. बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. त्याच्यासाठी 1955 चा स्वतंत्र कायदा आहे आणि मेळा अधिकारी नेमला जातो. झोन आणि सेक्टर पाडले जातात, आणि पाणी, दवाखाना, पोलीस, वीज, रस्ते या सगळ्यांना एका टेबलाशी बसावं लागतं. 2028 च्या मेळ्याची तयारी कधीच सुरू झाली आहे. पाहुण्या भाविकाची तहान, आजारपण आणि वाट चुकणं हे सगळं मिळून एकच प्रश्न आहे, हे या शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुलांच्या बाबतीत मात्र कलेक्टर कचेरीतल्या समयसीमा बैठकीत, म्हणजे तिथल्या भाषेत ‘टीएल’मध्ये, आंगनवाडीची प्रगती वेगळी वाचली जाते आणि शाळेची वेगळी. मूल मधेच कापलं जातं.

कायद्यात एकत्र नियोजनाचे धागे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमानुसार आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. बाल न्याय कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने बाल संरक्षण यंत्रणांच्या समन्वयाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर टाकली. मिशन वात्सल्यमध्ये वार्ड पातळीवरही बाल संरक्षण समिती सांगितलेली आहे. 2022 पासून मध्य प्रदेश आपल्या अर्थसंकल्पासोबत ‘चाइल्ड बजट’ही मांडतो. पण संरक्षणाची यंत्रणा मूल संकटात सापडल्यावर हलते, आणि बजटाच्या पुस्तकात खात्यांच्या योजनांची बेरीज असते. नानाखेड्यातल्या मुलांना पुढच्या तीन वर्षांत काय लागेल, हा प्रश्न त्यातला कुठलाच कागद विचारत नाही.

एकत्र बसल्याने फरक पडतो, हे मराठवाड्याने दाखवलेलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या औरंगाबाद विभागात विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने आरोग्य आणि बालविकास ही दोन खाती कुपोषणाच्या प्रश्नावर जोडीने कामाला लागली. मुलाचं न चुकता वजन करायचं, वजन घटलेलं मूल आरोग्य केंद्रात दाखवायचं, आणि दोन्ही खात्यांनी एकाच आकड्याला जबाबदार राहायचं. त्यातूनच 2005 मध्ये युनिसेफच्या साथीने राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. पुढे मिशनने गर्भापासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुरटलेपण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं. 2012 च्या सर्वेक्षणात ते सुमारे 24 टक्के आढळलं. याचं सगळं श्रेय एका मिशनला देणं बरोबर होणार नाही. त्या वर्षांत शिक्षण, उत्पन्न, बाळंतपणाच्या सोयी हेही बदलत होतं. तरी त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवं खातं न काढता, आहे त्याच सेविका आणि नर्सबाई एका यादीवर आल्या. कामाची रीत मात्र दरवर्षी जपावी लागते. वयोगट वेगळा असला, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं महाराष्ट्रात 35.2 टक्के निघाली आणि मध्य प्रदेशात 35.7.

स्कॉटलंडने एकत्र बसण्याची हीच गोष्ट कायद्यात बांधली. तिथल्या 2014 च्या कायद्याने प्रत्येक भागातल्या पालिकेला आणि आरोग्य मंडळाला मिळून मुलांच्या सेवांचा तीन वर्षांचा आराखडा करावाच लागतो, आणि दरवर्षी त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा लागतो. हे आपल्याकडे अशक्य का असावं?

लहान मुलांसाठी निदान आंगनवाडी आणि शाळा तरी आहे. चौदा ते एकवीसच्या मुलांकडे तर कुणाचं लक्षच नाही. चौदाला मोफत शिक्षणाचा हक्क संपतो. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत ‘आफ्टर केअर’ आहे, पण घरात राहून शाळा सोडलेल्या मुलाचं नाव कुठल्या यादीत शोधायचं? उज्जैनकडे या वयासाठी एक मोठं धन आहे. पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांनी जोपासलेला मल्लखांब 2013 पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, आणि त्याचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना इथल्या कामासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खांबावर चढणाऱ्या पोराला पोषण लागतं, दुखापतीला डॉक्टर लागतो, परीक्षेच्या वेळेशी सरावाची वेळ जुळावी लागते. म्हणजे तीन खाती आलीच.

सुरुवात एका वार्डापासून व्हावी. पार्षद, आंगनवाडीची पर्यवेक्षिका, शाळांचे मुख्याध्यापक, आरोग्य केंद्राची नर्स, ठाण्यातला बाल कल्याण अधिकारी आणि वस्तीतली दोन-चार मोठी मुलं महिन्यातून एकदा बसोत. समोर वार्डातल्या शून्य ते एकवीस वयाच्या सगळ्यांची एकच यादी असावी आणि तिच्यातली खासगी माहिती त्या खोलीबाहेर जाऊ नये. सहा, चौदा आणि अठरा ओलांडणाऱ्यांची नावं आधी वाचावीत. ज्या नावापुढे पुढचं ठिकाण लिहिलेलं नसेल, त्या घरी कोण जाणार हे उठण्यापूर्वी ठरावं आणि पुढच्या बैठकीत तेच आधी विचारलं जावं. ही बैठक बोलावण्याचा लेखी हुकूम कलेक्टर किंवा निगमायुक्त, दोघांपैकी कुणीही आज काढू शकतं.