दोन तज्ज्ञ, दोन सल्ले : रुग्णाने कोणाचे ऐकावे?



धर्मग्रामातील वयोवृद्धांच्या घरी गेले असता एक प्रश्न वारंवार कानी पडतो : "फादर, एक डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या, दुसरे म्हणतात मोजून प्या. आम्ही कोणाचे ऐकावे?"

असा मतभेद प्रत्येक वेळी कोणाच्या तरी चुकीमुळे होतो असे नाही. मुतखड्याच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, हे मूत्ररोगतज्ज्ञांचे म्हणणे योग्यच आहे. परंतु त्याच रुग्णाचे हृदय दुर्बल असेल, तर जादा पाणी शरीरात साचून पायांवर सूज येते, धाप लागते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ त्यावर मर्यादा घालतात. आपापल्या अवयवापुरते दोघेही बरोबर असतात. संपूर्ण माणसाचा विचार मात्र राहून जातो.

स्टेंट बसविलेल्या रुग्णाची अडचण याहून नाजूक असते. गुठळी होऊ नये म्हणून त्याला ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या दिलेल्या असतात. दरम्यान दुसरी एखादी शस्त्रक्रिया ठरली, की रक्तस्रावाच्या भीतीने सर्जन गोळ्या थांबवावयास सांगतात, तर हृदयरोगतज्ज्ञ त्यास नकार देतात. येथे रुग्णाने परस्पर निर्णय घेणे जिवावर बेतू शकते. गोळ्या अकाली थांबल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल काय, कोणती गोळी किती दिवस थांबवावी, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलूनच ठरवावयाचे असते.

तो संवाद घडवून आणण्यासाठी रुग्णाने काय करावे? प्रथम, आपल्या फॅमिली डॉक्टरांना किंवा एखाद्या फिजिशियनला सर्व उपचारांचा मेळ घालण्याची विनंती करावी. दुसरे, सर्व औषधांची एकच यादी जवळ बाळगावी. तीत आयुर्वेदिक, होमिओपॅथिक व दुकानातून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही लिहाव्यात. तिसरे, प्रत्येक तज्ज्ञास नम्रपणे विचारावे : "या सल्ल्याने कोणता धोका टळतो? थोडे थांबल्यास काय होईल?" आणि दुसऱ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागावी.

यात संकोच नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळावयास हवीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. मात्र दुसरे मत घेणे म्हणजे मनाला रुचेल तेच उत्तर शोधत फिरणे नव्हे. छातीत दुखणे, श्वास कोंडणे, रक्तस्राव अशा वेळी तर मतांची वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे.

सुरगाणा, पेठ, इगतपुरीहून नाशिकला उपचारांसाठी येणाऱ्यांचा प्रत्येक खेपेस दिवसाचा रोजगार बुडतो. त्यातील अनेकांना डॉक्टरांपुढे प्रश्न विचारण्याचे धाडस होत नाही. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी फाईल घेऊन अशा एखाद्या रुग्णासोबत जावे, त्याचे प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून घ्यावीत. एवढ्या सोबतीनेही एखाद्याचा जीव वाचू शकेल.