पहिली ते बारावी : महाड-पोलादपुरातील गळती

एखादे मूल एका वर्षी पटावर असते आणि पुढच्या वर्षी कोणत्याच शाळेच्या पटावर नसते, त्याला शालेय गळती म्हणतात. दहावीच्या निकालात ती दिसत नाही, कारण टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांचीच निघते. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. महाड आणि पोलादपूर हे तालुके असलेला रायगड जिल्हा ज्या मुंबई विभागात येतो, तिथे तो ९५.८४ टक्के होता. देशात २०२१-२२ या वर्षी नववी-दहावीच्या टप्प्यावर १२.६ टक्के मुले गळाली. मुलग्यांचे प्रमाण १३, तर मुलींचे १२.३ टक्के होते.

डोंगराळ तालुक्यात ही गळती पायरीपायरीने होते. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथी-पाचवीपर्यंत असते, हायस्कूल मोठ्या गावात, तर अकरावी-बारावीसाठी पुष्कळांना महाड किंवा पोलादपूर गाठावे लागते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. शाळा लांब लांब जात असतानाच आठवीनंतर कायद्याचे बंधनही संपते.

सर्वांत आधी गळतात ती कातकरी मुले. कातकऱ्यांची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गटात आहे. पावसाळा संपता संपता मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि दिवाळीनंतर अख्खे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते. जूनमध्ये दप्तर घेऊन आलेले मूल पहिले सत्र कसेबसे पूर्ण करते. दुसऱ्या सत्रात ते भट्टीवर विटा उलटत असते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत असते. पावसाच्या तोंडावर ते परतते, तोवर वर्गाचा अभ्यास पुढे गेलेला असतो. अशी दोन-तीन वर्षे गेली की नाव पटावर उरते, मूल मात्र वाचनातही मागे पडलेले असते.

पोलादपूरच्या घाटमाथ्याजवळच्या धनगरवाड्यांत अडचण वाटेची आहे. पावसाळ्यात वहाळ भरले, दरड आली की चालत शाळेत जाणे थांबते. दरडीची ही भीती खरी आहे : २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवरही त्याच वेळी दरडीचे संकट आले.

कुणबी-मराठा घरांत मुलगे आणि मुली वेगवेगळ्या वळणांवर गळतात. दहावी झाली की मुलगा मुंबईच्या नातेवाइकाकडे किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागतो. मुलीचे शिक्षण एसटीच्या वेळेवर अवलंबून असते. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, पण संध्याकाळची गाडीच नसेल तर पासाचा उपयोग होत नाही.

दलित मुलांसाठी तर एकेकाळी इथे शाळेचा दरवाजाच बंद होता. रामचंद्र बाबाजी मोरे यांना महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. वृत्तपत्रात तक्रार छापून आल्यावर तो मिळाला, तरी बसायची जागा वेगळीच राहिली. पुढे याच मोऱ्यांनी मार्च १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या चवदार तळ्याच्या लढ्यानंतर शिक्षणाची ओढ दलितांच्या घराघरांत रुजली.

आदिवासींसाठी आश्रमशाळा आहेत, पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आणि स्थलांतरितांच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा वसतिगृह उचल वाटली जाण्याआधी सुरू होते. कुटुंब निघून गेल्यावर त्याचा फायदा नाही. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसता येते, पण ही वाट वाडीवर माहीत असणाऱ्यांनाच सापडते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. मोजणी मात्र उलटी व्हायला हवी : दहा वर्षांपूर्वी पहिलीत बसलेल्यांपैकी किती जण दहावी झाले, तेही वाडीवार आणि मुलगे-मुली वेगळे. दर गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने अशी यादी दिवाळीच्या सुट्टीआधी काढावी आणि ज्यांची नावे तिच्यात गळालेली दिसतील, त्यांच्या घरी आधी जावे.