बेचाळीस हजार पौंड आणि साडेचार मिनिटे

१४ फेब्रुवारी १९८४ च्या रात्री युगोस्लाव्हियातील सारायेव्हो शहरी, झेत्रा नावाच्या सभागृहात, नऊ परीक्षकांनी आपापले गुण जाहीर केले तेव्हा कलात्मक प्रभावाच्या रकान्यात एकच आकडा नऊ वेळा उमटला : ६.०. तांत्रिक गुणवत्तेच्या रकान्यातही तो तीनदा होता. उरलेल्या सहा परीक्षकांनी ५.९ गुण दिले होते. त्या काळच्या पद्धतीत सहाच्या वर गुणच नव्हते. जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या इंग्रज जोडीने बर्फावरील नृत्याचे सुवर्णपदक मिळविले, आणि ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी चाळीस लक्ष लोकांनी तो सोहळा दूरदर्शन संचावर पाहिला.

या यशाची हकीगत बहुधा कलेच्या अंगाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिला एक हिशेबाची बाजूही आहे व ती तितकीच उद्बोधक आहे. अवघ्या चार वर्षांपूर्वी या दोघांपैकी एक विमा कंपनीत कारकून होती आणि दुसरा पोलिस शिपाई होता.

दोघेही नॉटिंगहॅमचे. सायकली, सिगारेटी आणि लेस यांच्या कारखान्यांवर वाढलेले हे इंग्लंडच्या मध्यभागातील कष्टकऱ्यांचे शहर. जेनचा जन्म १९५७ चा. तिचे आईवडील काही काळ वर्तमानपत्रांचे दुकान चालवीत. शाळेच्या सहलीबरोबर ती प्रथम बर्फाच्या मैदानावर गेली आणि तिथेच रमली. ख्रिस्तोफर तिच्याहून वर्षभराने लहान, शहराजवळच्या कॅल्व्हर्टन या खाणकामगारांच्या गावातला. वडील कोळशाच्या खाणीत वीजतंत्री होते. तो सहा वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. पुढे सावत्र आईने नाताळची भेट म्हणून त्याला स्केटिंगचे बूट दिले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. सावत्र आईच्या वाट्याला एरवी कथाकादंबऱ्यांत जी भूमिका येते ती पाहता ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

नॉटिंगहॅमला १९३९ पासून बर्फाचे सार्वजनिक मैदान होते. ते नसते तर पुढचे काहीच घडले नसते, कारण या खेळाची पहिली अडचण भांडवलाची आहे. छताखाली बर्फ गोठवून ठेवायचा म्हणजे यंत्रे हवीत, वीज हवी, आणि तो खर्च भागवायचा म्हणजे तिकीट काढून घसरायला येणाऱ्या गर्दीला दिवसाचे तास द्यायला हवेत. सरावासाठी मोकळा बर्फ उरतो तो गर्दी घरी गेल्यावर. १९७५ साली जॅनेट सॉब्रिज या शिक्षिकेने या दोघांची जोडी जुळवून दिली. त्यानंतरची पाच वर्षे जेनने दिवसा विम्याची कागदपत्रे हाताळली, डीनने पाळीपाळीने गस्त घातली, आणि नृत्याचा सराव रात्री उशिरा किंवा पहाटे, जमेल तसा, केला. परदेशी स्पर्धेला जायचे म्हणजे आधी रजेचा प्रश्न. नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणाऱ्या माणसाला ही ओढाताण समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७८ साली सॉब्रिज बाईंनी काम थांबविले आणि बेटी कॅलावे यांनी शिक्षणाची सूत्रे घेतली. प्रगती होत होती, पण पायरीपायरीने. जागतिक स्पर्धेत १९७८ मध्ये अकरावा क्रमांक, १९७९ मध्ये आठवा. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये पाचवा. पाचवा क्रमांक मोठा विलक्षण असतो. पुढे जाण्याची शक्यता त्यातून दिसते, परंतु पोट भरण्याचे साधन सोडून द्यावे इतकी खात्री काही त्यातून मिळत नाही.

या ठिकाणी त्या वेळच्या ऑलिंपिकचा एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. खेळाडू ‘हौशी’ असला पाहिजे, खेळावर त्याने पैसा मिळविता कामा नये, असा तो नियम. दिसायला उदात्त, पण त्याचे कूळ फारसे उदात्त नाही. एकोणिसाव्या शतकात हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतींत अंगमेहनतीने पोट भरणाऱ्याला हौशी म्हणून मान्यताच नव्हती; हौशी म्हणजे ज्याला मिळवावे लागत नाही असा सद्गृहस्थ. विसाव्या शतकात हा उघड भेद गेला, तरी परिणाम बराचसा तोच राहिला. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला नियम जाचत नव्हता. सोव्हिएत संघातील खेळाडू कागदोपत्री सैनिक, विद्यार्थी किंवा एखाद्या संस्थेचे नोकर असत आणि प्रत्यक्षात पूर्णवेळ सराव करीत. हा नृत्यप्रकार ऑलिंपिकमध्ये आल्यापासूनची दोन्ही सुवर्णपदके, १९७६ व १९८० ची, त्यांच्याकडे गेली होती. अडचण होती ती मधल्या माणसाची. ज्याच्यामागे ना इस्टेट ना सरकार, अशा पगारदाराची.

१९८० साली दोघांनी नोकऱ्या सोडल्या. आणि इथे नॉटिंगहॅमच्या नगरपरिषदेने जे केले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सहजासहजी बसणारे नाही. १९८४ च्या ऑलिंपिकपर्यंतच्या तयारीसाठी तिने या जोडीला एकूण ४२ हजार पौंडांचे अनुदान दिले. हा काळ विसरता येत नाही. ब्रिटनमध्ये बेकारी झपाट्याने वाढत होती, श्रीमती थॅचर यांचे सरकार स्थानिक संस्थांचा खर्च आवळण्यामागे लागले होते. अशा वेळी करदात्यांच्या पैशातून दोन तरुणांनी बर्फावर नाचावे का, हा प्रश्न खडूस माणसाचाच असेल असे नाही. चांगल्या, विचारी माणसालाही तो पडू शकतो. गटारे, शाळा, घरे यांच्या पंक्तीला नृत्य बसविणे सोपे नसते. शिवाय फळ अनिश्चित होते. एखाद्याचा पाय मोडला असता तर सारे संपले असते. १९८३ साली जेनच्या खांद्याला दुखापत होऊन त्या वर्षीची युरोपीय स्पर्धा खरोखरीच हुकली.

या रकमेने नेमके काय विकत घेतले? कौशल्य नव्हे, ते पैशाने मिळत नाही. तिने तास विकत घेतले. झोप पुरी झालेल्या शरीराने, दिवसाउजेडी, मोकळ्या बर्फावर काढलेले तास. पुढे पश्चिम जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे जाऊन सलग सराव करता येण्याची सोय. अनुदानाच्या पहिल्याच हंगामात, १९८१ साली, ही जोडी युरोपची व जगाची विजेती झाली. जागतिक विजेतेपद पुढे सलग चार वर्षे तिच्याकडे राहिले.

बर्फावरील नृत्य हे स्केटिंगच्या इतर प्रकारांहून बंधनांनी अधिक जखडलेले आहे. जोडीदाराला डोक्यावर उचलायचे नाही, फेकायचे नाही, फार वेळ एकमेकांपासून दूर राहायचे नाही. मुक्त नृत्यातही तेव्हा निरनिराळ्या लयींच्या तीनचार तुकड्यांची ठिगळे जोडण्याचीच रीत रूढ होती. टॉर्व्हिल व डीन यांनी ती हळूहळू मोडीत काढली. १९८२ साली ‘मॅक अँड मेबल’, १९८३ साली ‘बार्नम’ या संगीतिकांवर त्यांनी आपली नृत्ये बेतली. ‘बार्नम’च्या वेळी त्या संगीतिकेतील प्रमुख नट मायकेल क्रॉफर्ड यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९८४ साठी त्यांनी रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराचे ‘बोलेरो’ निवडले. ठिगळ एकही नाही. एकच लय, एकच चाल, सुरुवातीला जेमतेम ऐकू येणारी आणि अखेरीस सगळा वाद्यवृंद कवेत घेणारी.

अडचण वेळेची होती. मूळ रचना पंधरा मिनिटांच्या आसपासची. नियमाप्रमाणे मुक्त नृत्य चार मिनिटांचे, फार तर वर दहा सेकंद. कितीही कापले तरी संगीताची चढण न बिघडता ते चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. मग नियम बारकाईने वाचला गेला. घड्याळ सुरू होते ते बुटाचे पाते बर्फाला लागून स्केटिंग सुरू होईल तेव्हा, असे त्यात होते. म्हणून दोघे बर्फावर गुडघे टेकून बसले, आणि वरची अठरा सेकंदे त्यांनी गुडघ्यांवरच, एकमेकांकडे पाहत, केवळ धड आणि हात झुलवीत काढली. पाते बर्फाला लागले तेव्हा प्रेक्षक आधीच त्या लयीत गुंतलेला होता. नियमाला बगल नाही आणि वेळेची उधळपट्टीही नाही. ज्या अठरा सेकंदांची अडचण होती तीच नृत्यातील सर्वांत लक्षात राहणारी जागा ठरली. तुटपुंज्या साधनांत घर चालविणाऱ्या माणसाची बुद्धी अशीच चालते. हा गुण विमा कचेरीत आणि पोलिस चौकीत किती घडला आणि बर्फावर किती, हे कोणी सांगावे!

त्या वसंत ऋतूत ओटावा येथे चौथे जागतिक विजेतेपद घेऊन दोघे व्यावसायिक झाले. हौशीपणाच्या नियमामुळे यशाच्या शिखरावर पोहोचताच स्पर्धा सोडावी लागे, नाहीतर मिळकत सोडावी लागे. पुढची दहा वर्षे देशोदेशी खेळ करून त्यांनी चांगला पैसा मिळविला, आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिकांना परतण्याची संधी दिली तेव्हा १९९४ साली ते लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरले. प्रेक्षकांचा कौल त्यांच्या बाजूने होता, परीक्षकांचा नव्हता. ब्राँझपदक मिळाले व वादही बराच झाला. सहा गुणांची पद्धतीच पुढे, २००२ च्या ऑलिंपिकमधील परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर, मोडीत निघाली. त्यामुळे सारायेव्होच्या त्या रकान्याची बरोबरी आता कोणाला करताच येणार नाही.

सारायेव्होवर मात्र त्याहून भीषण प्रसंग यायचा होता. १९९२ साली शहराला वेढा पडला. झेत्रा सभागृह तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झाले आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत थडगी उभी राहिली. १९९९ साली सभागृह पुन्हा बांधले गेले. २०१४ मध्ये, तीस वर्षांनी, पन्नाशी ओलांडलेल्या त्या दोघांनी तिथे पुन्हा ‘बोलेरो’ केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आणखी एकदा त्या शहरी गेले आणि निवृत्तीची घोषणा त्यांनी तिथूनच केली.

नॉटिंगहॅममध्ये जुन्या मैदानाच्या जागी २००० साली राष्ट्रीय बर्फक्रीडा केंद्र उभे राहिले. त्याच्यासमोरच्या चौकाला ‘बोलेरो चौक’ असे नाव आहे. ४२ हजार पौंडांचा परतावा मोजायचा झाला तर हे केंद्र कोणत्या रकान्यात मांडायचे, आणि त्यात पाय घसरत घसरत शिकणारी खाणकामगारांची नातवंडे कोणत्या रकान्यात, हा हिशेब कोणी केलेला नाही. आणि त्याच नगरपरिषदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला ताळेबंद जुळत नसल्याची कायदेशीर नोटीस जाहीर केली. कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च तत्काळ थांबला. दोन होतकरू तरुणांचा अर्ज त्या आठवड्यात तिच्या टेबलावर आला असता, तर तो मंजूर करण्याचा अधिकारही तिच्याकडे उरलेला नव्हता.