घर बांधण्यापूर्वी जागेची सफाई

नवीन घर बांधावयाचे ठरले, की घरधन्याचे सारे लक्ष दगड, वाळू, सिमेंट व लोखंड यांच्या भावाकडे लागते. जागा साफ करण्याचे काम मात्र मुहूर्ताच्या आधीच्या आठवड्यात दोन मजूर लावून उरकले जाते. हलक्या मुरमाड जमिनीत ही घाई एक वेळ खपून जाते. काळ्या जमिनीत ती खपत नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला खोल भेगा पडतात. तिच्यावर उभारलेली भिंत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरकी तडकते, आणि मग कितीही गिलावा केला तरी पुढील वर्षी ती भेग पुन्हा डोके वर काढते.

म्हणून सफाईचे काम बांधकामाच्या निदान एक पावसाळा आधी हाती घ्यावे. यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाडांची. मोठे झाड आपल्या मुळांनी भोवतालच्या काळ्या मातीतील ओल सतत ओढून घेत असते. ते तोडले, की ती माती हळूहळू ओलावते व फुगते. तोडलेल्या झाडाच्या जागी लगेच जोते बांधले, तर जमीन ते खालून उचलते. झाड तोडताना बुंधा जमिनीलगत कापू नये. तीन-चार फूट खोड उभे ठेवावे, भोवती खणून आडवी मुळे तोडावीत व खोडाला दोर बांधून बैलांनी किंवा ट्रॅक्टरने ते ओढावे. खोडाचीच तरफ होते व खुंट मुळासकट निघतो. जमिनीत राहिलेला खुंट कुजतो, तेथे पोकळी होते व वाळवीला आयते अन्न मिळते.

मात्र कुऱ्हाड लावण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा. साग, आंबा, चिंच, फणस, मोह, हिरडा, जांभूळ इत्यादी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांना प्रथम सांगावी. झाड पडल्यावर सांगून उपयोग नाही.

जागेत वारूळ असल्यास बरेच लोक ते खणण्यास कचरतात. नागपंचमीला पुजलेल्या वारुळाविषयी असे वाटणे साहजिक आहे. तसे वाटत असेल, तर घर दुसरीकडे सरकवावे. वारूळ तसेच ठेवून त्यावर फरशी घालण्यात मात्र श्रद्धाही राहत नाही व चौकटीही राहत नाहीत. वाळवीसाठी पूर्वी आल्ड्रिन वापरीत. हे विष २००१ च्या स्टॉकहोम कराराने वर्ज्य ठरविले असून भारतातही त्यावर बंदी आहे. जुना साठा कोणी देऊ केल्यास घेऊ नये. पायातील औषधोपचार भारतीय मानक ६३१३ प्रमाणे, जाणत्या माणसाकडून व विहिरीपासून दूर करवावा.

गावठाणातील जुन्या जागेत आणखी एक धोका असतो, तो पेवाचा. जमिनीखाली धान्य साठविण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. वापर सुटलेल्या पेवाचे तोंड कालांतराने मातीखाली जाते व त्याची आठवण घरातील वृद्धांनाच उरते. त्यांना आवर्जून विचारावे. पहारीने जमीन ठोकून पोकळ आवाज येतो का, तेही पाहावे. पेव सापडल्यास कोणीही आत उतरू नये. आतील कोंडलेल्या हवेने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, व त्याला काढावयास उतरलेला दुसराही पडतो. वरूनच दगड व मुरूम टाकावा, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसावे आणि एक पावसाळा बसू द्यावे.

दगडांचे जुने ढीग व काटेरी कुंपण उचलताना हात घालू नये. लांब दांड्याचे हत्यार व बूट वापरावेत. घोणस, फुरसे व विंचू अशाच जागी दडतात. सर्पदंश झाल्यास दोर आवळण्यात वेळ न घालविता रुग्णास तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे.

झाडोरा निघाला, की जोत्याच्या क्षेत्रातील वरची वीतभर माती काढून वेगळी ठेवावी. पायाला ती निरुपयोगी, पण परसबागेला सोन्यासारखी. ती खड्डे भरण्यात घालविणारे पुढे तीच माती विकत आणतात. त्यानंतर चारही कोपऱ्यांवर खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे व तो आकडा पायाचा अंदाज करण्यापूर्वी गवंड्याच्या हाती द्यावा.